हीट पंपवर बर्फाची लादी : थंडीतल्या दुरुस्तीच्या नोंदी

मशीन साधंच आहे, घरगुती स्प्लिट (एक युनिट घरात, एक बाहेर), इन्व्हर्टर, सात वर्षं जुनं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरातली हवा गरम करणारं. ही उष्णता वाहून नेणारा आतला गॅस आर-३२, नेमप्लेटवर १.१० किलो लिहिलंय. आउटडोअर युनिट जमिनीवर दोन ठोकळ्यांवर ठेवलेलं आहे. घरात बाबा आहेत, ७९ वर्षांचे, त्यांना थंडी अजिबात झेपत नाही, म्हणून हे बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. जसं घडलं तसं लिहितेय, चुकांसकट.

४ डिसेंबर

काल रात्रीपासून हवा कोमट येतेय. सेट २१ वर, खोली १७ च्या वर जायलाच तयार नाही. बाहेर २ अंश आणि दाट धुकं. आतल्या युनिटच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर बाहेर येणारी हवा २४ आणि वरून आत ओढली जाणारी १७, म्हणजे फरक फक्त ७ अंशांचा. मागच्या हिवाळ्यात सगळं नीट चालू असताना मी हाच फरक मोजून वहीत लिहून ठेवला होता, तेव्हा तो २० च्या आसपास होता. तुमचं मशीन आज चांगलं चालत असेल तर आजच हे दोन आकडे लिहून ठेवा, बिघाड झाल्यावर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

फिल्टर काढून धुतले, वाळवले, परत बसवले. धूळ होती पण खूप नव्हती. फरक ७ चा ८ झाला. तासभर गेला.

५ डिसेंबर

सकाळी उजेडात आउटडोअर युनिटच्या मागे जाऊन बघितलं आणि पोटात गोळाच आला. मागची कॉइल (बाहेरच्या हवेतली उष्णता घेणारी नळ्यांची जाळी) दिसतच नव्हती, वरपासून खालपर्यंत पांढरी बर्फाची लादी, बोटभर जाड, फिन्सच्या, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या, फटी पूर्ण बुजलेल्या. हवा आत जायलाच जागा नाही तर मशीन उष्णता ओढणार काय आणि देणार काय.

इथे पहिली चूक केली. लाकडी दांड्याने हळूहळू ठोकून बर्फ पाडायला गेले. बर्फ पडला पण त्याच्याबरोबर तळहाताएवढ्या भागातल्या फिन्स आडव्या झाल्या, अ‍ॅल्युमिनियम कागदासारखं मऊ असतं, आणि त्याच्या आत तांब्याची नळी आहे, तिला भोक पडलं असतं तर गॅस गेला असता आणि कदाचित सगळी कॉइल बदलावी लागली असती. ठोकू नका, खरवडू नका, आणि आर-३२ सौम्य का होईना पण ज्वलनशील आहे म्हणून ज्योत तर जवळपासही आणू नका.

मग मशीन बंद करून कोमट पाणी ओतलं, उकळतं नाही, हात बुडवता येईल एवढंच. पंख्याच्या मोटरवर आणि वायरिंगच्या बाजूला पाणी जाऊ न देता फक्त मागच्या कॉइलवर, वरून खाली. नऊ बादल्या लागल्या. चाळीस मिनिटांत कॉइल मोकळी.

दुसरी चूक, ते सगळं पाणी खाली फरशीवर पसरलं आणि संध्याकाळी त्याची काच झाली. बाबा बघायला आले आणि त्यांचा पाय सरकला, भिंत हाताशी होती म्हणून वाचले. पाणी ओतण्याआधी ते कुठे जाणार हे बघा, मीठ किंवा वाळू आधीच जवळ ठेवा.

६ डिसेंबर

रात्री चार तास मस्त चाललं, हवा ४० अंशांची येत होती. सकाळी परत तेच, परत लादी.

आज बाहेर खुर्ची टाकून बसले आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढले. बाहेरची हवा २ अंश असली तरी तिच्यातून उष्णता ओढायची म्हणजे कॉइल हवेपेक्षा थंड असावी लागते, त्यामुळे ती शून्याच्या बरीच खाली असते आणि धुक्यातली ओल तिच्यावर गोठते. एवढं नॉर्मल आहे. पण ठरावीक वेळाने मशीनने स्वतःच डीफ्रॉस्ट करायला हवं, म्हणजे फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारी झडप) फिरवून गरम गॅस काही मिनिटं बाहेरच्या कॉइलमध्ये सोडायचा. तसं होताना बाहेरचा पंखा थांबतो, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) चालूच राहतो, सुस्स आवाज येतो, कॉइलमधून वाफ निघते, आतली हवा थोडा वेळ थांबते. मी अडीच तास बसले, यातलं काहीही झालं नाही. पंखा एकदाही थांबला नाही.

म्हणजे बर्फ होणं हा बिघाड नाहीच, तो न वितळणं हा बिघाड आहे. हे मला आज कळलं, पण त्यावर ठाम राहायला पुढचे दोन दिवस जमलं नाही.

८ डिसेंबर

टेक्निशियन आला. कॉइलवरचा बर्फ बघितला आणि म्हणाला गॅस कमी झालाय. मी डीफ्रॉस्टचं सांगितलं, त्याने मान हलवली, पण गेज (दाब मोजणारं मीटर) लावून गॅस भरायला सुरुवात केली. वजनकाटा नव्हता. किती भरला विचारल्यावर 'लागेल तेवढा' असं उत्तर. मी अडवायला हवं होतं. दोन रात्री झोप नव्हती, बाबा स्वेटरवर स्वेटर घालून बसलेले, कोणीतरी काहीतरी करतंय एवढ्यानेच बरं वाटत होतं, म्हणून करू दिलं आणि पैसेही दिले.

त्याने गॅस भरायच्या आधी कॉइल मी पाणी टाकून मोकळी केली होती, त्यामुळे गरम हवा येणारच होती, आणि श्रेय गॅसला गेलं.

९ डिसेंबर

सकाळी परत लादी.

आता दोन इलेक्ट्रिक हीटर लावलेत, प्रत्येकी दीड किलोवॅटचे. मीटर लिहायला सुरुवात केली. हीटरवर पहिल्या २४ तासांत ५१ युनिट वीज गेली. हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो, हीट पंप अशा हवेत दोन-तीन पट देतो, त्यामुळे दुरुस्तीचा प्रत्येक वाया गेलेला दिवस थेट बिलात दिसणार.

रागारागात आणि घाईत तिसरी चूक केली, डीफ्रॉस्ट होत नाही म्हणजे बोर्डच गेला असं ठरवून नवीन कंट्रोल बोर्ड (मशीन चालवणारं सर्किट) मागवला. एकही वायर न मोजता. बोर्ड यायला दहा दिवस.

११ डिसेंबर

बोर्ड येईपर्यंत मशीन बंदच ठेवू म्हणून ९ ला रात्री एमसीबी (मशीनची वीज तोडणारा स्विच) पाडून ठेवली होती. आज थोडं ऊन होतं, म्हटलं दुपारपुरतं चालवू, एमसीबी उचलली आणि लगेच रिमोट दाबला. कॉम्प्रेसरने असा जड, घुसमटल्यासारखा आवाज काढला की मी धावत जाऊन बंद केलं.

नंतर नीट वाचल्यावर कळलं. मशीन थंडीत बंद असलं की गॅस सगळ्यात थंड जागी जाऊन साचतो, तो कॉम्प्रेसरमधल्या तेलात विरघळतो आणि तेल पातळ होतं. एमसीबी चालू असेल तर माझ्या मशीनमध्ये बोर्ड मोटरच्या वाइंडिंगमधून थोडा करंट सोडून कॉम्प्रेसर कोमट ठेवतो, काही मशीनना त्यासाठी बाहेरून पट्टीसारखा हीटर असतो. वीज पाडली की ते संपलं. त्यामुळे हिवाळ्यात रिमोटवरून बंद करा पण एमसीबी चालूच ठेवा, आणि दुरुस्तीसाठी पाडावीच लागली तर परत चालू केल्यावर लगेच स्टार्ट करू नका. मी एमसीबी उचलून रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी कॉम्प्रेसर गुपचूप सुरू झाला. नशीब.

१२ डिसेंबर

ओळखीतून एका दुसऱ्या टेक्निशियनचा नंबर मिळाला, त्यांना यायला वेळ नव्हता पण फोनवर बोलले. मी पाच मिनिटं माझी कहाणी सांगितली, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बर्फ कसा बसतोय? सगळीकडे सारखा, की एकाच कोपऱ्यात?"

६ तारखेचे फोटो होतेच. परत क्रमाने बघितले. पहिल्या फोटोत पातळ पांढरं दंव, वरपासून खालपर्यंत एकसारखं, मग ते सगळीकडे सारखंच जाड होत गेलेलं.

ते म्हणाले, गॅस खरंच कमी असता तर गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच भागात जाड बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी दिसली असती. पूर्ण कॉइल सारखी गोठतेय म्हणजे गॅस पूर्ण कॉइलभर पोचतोय. फक्त खालच्या दोन-चार ओळीच गोठत असत्या तर पाण्याचा निचरा बघायला सांगितलं असतं. "तुमच्या मशीनला कळतच नाहीये की बर्फ झालाय. त्याला कळतं कशाने ते बघा."

बर्फ आठ दिवस समोर होता. मी आणि तो पहिला टेक्निशियन, दोघांनीही तो नुसता 'आहे' एवढंच बघितलं, कसा आहे ते बघितलं नाही.

१३ डिसेंबर

एमसीबी पाडली आणि दहा मिनिटं थांबले. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि वीज पाडल्यावरही काही वेळ टिकतात. थांबल्यावरही मल्टिमीटरने मोजून आकडा जवळपास शून्यावर आलाय ही खात्री केली, मगच हात घातला. जमत नसेल तर इथे थांबा, हे काम दुसऱ्याला द्या.

आउटडोअर बोर्डला तापमानाचे तीन सेन्सर जोडलेले. एक बाहेरच्या हवेचा, एक कॉम्प्रेसरच्या गरम पाइपवरचा, एक कॉइलचा. कॉइलचा कनेक्टर काढला, मल्टिमीटर लावला. माझा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमवाला आहे, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, शून्याला साधारण ३२-३३ हवा. दुसऱ्या मशीनमध्ये ५, १५, २० किलोओहमवालेही असतात, तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता बघा.

चाचणी सोपी आहे. ग्लासात बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळून पाच मिनिटं ठेवलं की ते शून्य अंश. त्यात सेन्सरचं टोक बुडवायचं. त्यासाठी सेन्सर कॉइलमधून बाहेर काढायला मी वरचं झाकण आणि बाजूचा पत्रा उघडला, टॉर्च मारला, आणि सेन्सर काढावाच लागला नाही. तो आधीच बाहेर होता.

कॉइलच्या बाजूला नळीवर तांब्याची एक छोटी खोबणी डागलेली असते, पेन्सिलएवढी, सेन्सर तिच्यात शिरून पातळ स्प्रिंगच्या पत्रीने दाबून बसतो. खोबणी रिकामी. तिच्या तोंडाशी दंव. सेन्सर तिच्यापासून चार बोटं लांब, वायरच्या आधाराने हवेत लोंबकळत. पत्री खाली तळाच्या पत्र्यात चिखलात पडलेली.

बर्फात बुडवून मोजला, ३२.४ किलोओहम. मुठीत धरला, आकडा हळूहळू उतरत सातवर आला. सेन्सर ठणठणीत. तो बोर्डला प्रामाणिकपणे सांगत होता की २ अंश आहे, कारण तो जिथे लटकला होता तिथे २ अंशच होतं. कॉइल उणे दहाला गोठत होती आणि बोर्डला वाटत होतं सगळं छान आहे, डीफ्रॉस्ट कशाला.

बाहेर कसा आला? उन्हाळ्यात मीच हाच पत्रा काढून पाइपने कॉइल धुतली होती. वायर ओढली गेली असणार, किंवा मी परत बसवताना पत्री नीट लावली नाही. दुसरं कोणी तिथे हात घातलेला नाही.

खोबणी कापडाने कोरडी केली, सेन्सर टोकापर्यंत आत सरकवला, पत्री धुऊन लावली, बाहेरून पाणी न शोषणाऱ्या फोमची टेप दोन वेढे गुंडाळली म्हणजे बाहेरच्या हवेचा परिणाम होणार नाही, आणि वायरला ताण पडू नये म्हणून थोडी ढील ठेवून टाय मारला. खर्च शून्य, टेप घरात होती. वेळ दीड तास, त्यात अर्धा तास ती पत्री हातातून निसटण्यात.

एमसीबी चालू केली, मशीन उद्या सकाळीच लावणार.

१४ डिसेंबर

सात वाजता लावलं. बाहेर १ अंश, धुकं. परत खुर्ची टाकून बसले, यावेळी बाबाही कानटोपी घालून खिडकीत.

५२ मिनिटांनी पंखा थांबला. मग टक् आणि लांबलचक सुस्स. मी उठून मागे गेले. पांढरी कॉइल आधी करडी झाली, मग मधूनमधून काळी, मग फिन्सवरून थेंब धावायला लागले आणि युनिटमधून एवढी वाफ निघाली की शेजारून कोणीतरी आग लागली का म्हणून विचारलं. सहा मिनिटांत कॉइल ओली आणि स्वच्छ. परत टक्, पंखा फिरला. आत हवा ४१ अंश. खिडकीतून बाबा म्हणाले, "अगं झालं की गं!" आणि मला रडूच आलं, बाहेर उभ्या उभ्या.

१७ डिसेंबर

तीन दिवस व्यवस्थित. काल रात्री बाबांनी हाक मारली, "पंखा कशाला तरी घासतोय, ऐक जरा." मला ऐकू येत नव्हतं, त्यांच्या खोलीच्या भिंतीला कान लावला तेव्हा कळलं, टक टक टक, बारीक. लगेच बंद केलं.

डीफ्रॉस्टचं पाणी आता रोज भरपूर निघतंय, आणि ते तळाच्या पत्र्यातच साचून गोठत होतं. बर्फ वाढत वाढत पंख्याच्या पात्याला लागला. निचऱ्याचं भोक पानं आणि चिखलाने बंद, आणि त्यात प्लॅस्टिकची कोपऱ्याची नळी बसवलेली. अशी नळी कडक थंडीत लावूच नये, पाणी तिच्यात आधी गोठतं आणि बूच बसतं. नळी काढून टाकली, भोकं मोकळी केली, कोमट पाण्याने तळ वितळवला. पात्याच्या कडेला थोडं खरचटलंय पण चीर नाही, हाताने फिरवून बघितलं, डगमगत नाही.

युनिट ठोकळ्यांवर फारच खाली होतं, खाली गोठलेलं पाणी तळाला टेकायला वेळ लागला नसता. दोघांच्या मदतीने अजून एकेक ठोकळा घालून वीतभर वर उचललं, पाइपवर ताण येत नाही ना हे बघत बघत. अख्खी दुपार गेली.

५ तारखेच्या आडव्या फिन्सही आज फिन कोंबने (फिन्स सरळ करायच्या कंगव्याने) सरळ केल्या. तळहाताएवढ्या भागाला दोन तास. अजूनही तो भाग ओळखू येतो.

१९ डिसेंबर

बोर्ड आला. परत घेत नाहीत, उघडला नसला तरी. कपाटात ठेवलाय. त्याच्या किमतीत असे सेन्सर डझनावारी आले असते, आणि लागला एकही नाही.

२२ डिसेंबर

फोनवर बोललेले टेक्निशियन आज आले. मला ८ तारखेच्या गॅसची धास्ती होती, कारण कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त घरघरत होता. त्यांनी सगळा गॅस रिकव्हरी मशीनने सिलेंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला, १.३४ किलो. नेमप्लेटवर १.१०. म्हणजे कमी नव्हताच, त्यावर पाव किलो जास्तीचा भरला गेला होता. मग पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम केलं, गेज हलत नाही, म्हणजे गळती नाही, हे थांबून बघितलं, आणि १.१० किलो मोजून भरला. घरघर गेली. यात दुसऱ्यांदा पैसे गेले पण हे काम मला घरी करता येण्यासारखं नाही आणि करूही नये.

यापुढे गॅस भरायला कोणी आलं तर वजनकाटा आणलाय का हे मी दारातच विचारणार.

२ जानेवारी

मीटरचे आकडे, रोजची सरासरी, बाहेर साधारण ० ते ४ अंश असताना. बर्फाने जाम असताना मशीन चालू ठेवलं ते दिवस : २९ युनिट, आणि खोली १७. फक्त हीटर : ५१ युनिट, खोली १९. आता : १७ युनिट, खोली २१.

रात्री १६ वर उतरवून सकाळी एकदम २१ करायचे ते बंद केलं. सकाळीच सगळ्यात जास्त गारठा आणि ओल असते, तेव्हाच मशीन पूर्ण ताकदीने पळायचं आणि कॉइल लवकर गोठायची. आता रात्रीही १९.

फिल्टर दर दुसऱ्या रविवारी. तळाची भोकं दर आठवड्याला काडी घालून बघते, दोन मिनिटांचं काम.

१८ जानेवारी

रात्री बर्फ पडला, पहाटे उणे ९. सहाला उठून बाहेर गेले, युनिटच्या चारी बाजूंनी आणि वरून मऊ झाडूने भुसभुशीत बर्फ झाडला, समोर पंख्याच्या तोंडासमोर हातभर जागा मोकळी केली.

मला वाटलं होतं आज डीफ्रॉस्ट सारखा होणार, तर उलटंच. दोन तास दहा मिनिटांनी पहिला झाला. एवढ्या थंड हवेत ओलच कमी असते त्यामुळे दंव हळू बसतं, मशीनला खरा त्रास होतो तो धुक्यातल्या एक-दोन अंशांना. हवा मात्र आज ३६ च्या वर येत नाही, उणे ९ ला तेवढीच ताकद उरते, बाबांच्या खोलीत एक हीटर सकाळपुरता लावलाय.

वितळलेलं पाणी भोकांतून सरळ खाली पडलं, तळ कोरडा. सेन्सरवरची टेप जागच्या जागी आहे, टॉर्च मारून बघितली.